दुसरीची आई घेऊन पुण्याला

बीडच्या स्टँडातून पुण्याची एसटी हलली तेव्हा खिडकीची जागा मी पटकावली होती आणि सारिका शेजारी माझ्याच बॅगेवर पाय ठेवून बसली होती. आम्ही दोघी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलच्या एकाच खोलीत राहतो आणि दोघीही कविता करतो. त्यामुळे बाकीच्या मुली आमच्या खोलीसमोरून जरा भरभर चालतात. पुण्यातल्या एका कॉलेजात तीन दिवसांचं शिबिर होतं, विषय 'कविता आणि सामाजिक न्याय'. आमच्या मराठीच्या सरांनी आम्हा दोघींची नावं पाठवली आणि दोन्ही निवडली गेली. (सारिका हे तिचं खरं नाव नाही. हे लिहू का म्हणून तिला विचारलं तेव्हा "लिही, आता राहिलंय काय" एवढंच म्हणाली आणि नाव मात्र बदलायला लावलं.)

सारिका घेऊन चालली होती एक प्रेमकविता. सामाजिक न्यायाच्या शिबिराला प्रेमकविता! मी तिला नगर येईपर्यंत चिडवलं. "प्रेम काय असामाजिक आहे का?" ती म्हणाली आणि माझ्या पिशवीतले शेंगदाणे खात राहिली. माझी कविता मी तिला दाखवली नव्हती. "पुण्यात ऐक, उडशील," असं म्हणून ठेवलं होतं. तिला आवडेल अशी माझी खात्री होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी लबाड आहे. लबाड नव्हते हो. मूर्ख होते.

शिरूरला गाडी थांबली. तिथली भेळ खाल्ली, चहा घेतला, चहा सारिकाच्या ओढणीवर सांडला आणि ती दोष मला देऊन मोकळी झाली. वाघोली मागे पडली तशी गर्दी वाढत गेली आणि खराडीला काचेच्या उंच इमारती दिसायला लागल्या. जेवणाची वेळ होती. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आमच्यापेक्षा चारदोन वर्षांनीच मोठी मुलंमुली रस्त्याकडेच्या गाड्यांवर पोहे, पराठे खात उभी होती. "यांच्या गळ्यात नाव असतं, बरं आहे. कुणाला विचारावं लागत नाही," सारिका म्हणाली. आम्ही येरवड्याला उतरलो आणि रिक्षाने विश्रांतवाडीला गेलो. तिथे माझी आत्या राहते.

आत्याचे यजमान अस्सल पुणेकर. दार उघडून त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कशासाठी येणं केलंत?"

"कविता आणि सामाजिक न्याय, काका," मी ऐटीत म्हणाले.

"वा. चपला बाहेर काढा, न्याय मग बघू."

आत्याने गरम गरम वरणभात वाढला, त्यावर तुपाची धार, सोबत मेथीची भाजी. काका जेवताना म्हणाले, "आपल्या कवितेत आम्ही आहोत का? नाही ना? मग निवांत जेवा." सारिका एवढी हसली की तिला ठसका लागला. आत्याने तिच्या पाठीवर थोपटलं आणि विचारलं, "तुझे आईवडील काय करतात गं?" सारिका म्हणाली, "शेती." मी भाताकडे बघत राहिले. मला माहीत होतं की शेती म्हणजे कोरडवाहू एवढीशी पट्टी, आणि तिची आई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. वडील गेल्यापासून आई सारिकाच्या मामासोबत जाते. कॉलेजात हे फक्त मला माहीत होतं. एका रविवारी खोलीत मी तिची वेणी घालत होते तेव्हा तिनेच सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, "कुणाला बोलू नको हं प्राजू."

मी कुणाला बोलले नव्हते. मी कविता लिहिली होती.

शिबिराचं सभागृह जुनं, दगडी, आत गारवा. महाराष्ट्रभरातून मुलं आली होती. कुणी नांदेडचं, कुणी गडचिरोलीचं, कुणी पुण्याचंच. संयोजक मधुराताई. शांत बोलणाऱ्या, सगळ्यांची नावं पहिल्या तासात पाठ करणाऱ्या बाई, मला तर बघताक्षणी आवडल्या. त्यांनी शिबिराची रीत सांगितली: इथे कविता आधी, ओळख नंतर. कवीने नाव-गाव न सांगता उठायचं, कविता वाचायची आणि मग ताई एकच प्रश्न विचारणार, "ही कविता कुठून आली?" त्याचं उत्तर हीच ओळख. रीत छानच होती. कुणी म्हणालं आजीकडून आली, कुणी म्हणालं गावच्या पाणवठ्यावरून, एक जण म्हणाला रूम पार्टनरशी झालेल्या भांडणातून.

माझा नंबर आला. आमच्या सरांनी शिकवलं होतं की सामाजिक कवितेत 'मी' पाहिजे, नाहीतर ती बातमी होते. म्हणून मी कवितेत 'मी' घातला होता. वाचलं:

*आई परत यायची ऊस संपल्यावर,*
*माझी वेणी घालायला बसायची दारात,*
*आणि तिच्या तळव्याच्या भेगांत*
*माझे केस अडकून बसायचे.*
*मी ओरडायचे. ती म्हणायची,*
*थांब, तुला धरून ठेवलंय.*

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे पुसले. अगंबाई, काय वाटलं म्हणून सांगू मला! तेवढ्यात माझी नजर सारिकाकडे गेली. ती उडाली वगैरे नव्हती. तिचा चेहरा कोरा झाला होता. भेगांची गोष्ट तिची, केस तिचे, "तुला धरून ठेवलंय" हे तिच्या आईचं बोलणं. मी शब्दसुद्धा बदलला नव्हता.

"ही कविता कुठून आली?" मधुराताईंनी हळूच विचारलं.

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मैत्रिणीकडून आली म्हणावं तर सारिकाचं गुपित फुटणार. घरातून आली म्हणावं तर धडधडीत खोटं. माझे वडील पंचायत समितीत नोकरीला, आई घरी शिकवण्या घेते, आणि माझे केस आजवर फक्त फणीत अडकलेत. डोळ्यांत पाणी आलं ते घाबरल्यामुळे. ताई उठल्या, मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे बाळा. काही उत्तरं बोलायची नसतात." टाळ्या थांबेचनात. मी खाली बसले. काही न बोलता मी सारिकाची आई माझ्या नावावर करून घेतली होती.

त्या दिवशी सारिकाचा नंबर आला नाही, वेळ संपली. विश्रांतवाडीच्या बसमध्ये मी तिला म्हणाले, "अगं, मला वाटलं तुला आवडेल."

"आवडली ना," ती म्हणाली. "चांगली लिहिलीस. माझ्याकडून नसती झाली." आणि खिडकीबाहेर बघत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शिबिराची सहल होती मांजरीला. पुण्याचं हे टोक गमतीचं आहे. एका हाताला नव्याकोऱ्या इमारती, बाल्कन्यांतून वाळत घातलेले टॉवेल, आणि दुसऱ्या हाताला उभा ऊस. त्या उसाच्या कडेला तोडणी कामगारांच्या कोप्या (उसाच्या वाळक्या पाचटाच्या झोपड्या) उतरल्या होत्या. मधुराताईंना कल्पना सुचली होती की ज्यांच्यावर कविता लिहितो त्यांच्यासमोर जाऊन बसावं. कल्पनेत वाईट काहीच नाही. फक्त मला बसमधून उडी मारावीशी वाटत होती.

दुपारची सुट्टी होती. बायका वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) भाऱ्यांवर टेकून भाकरी खात होत्या. ताईंनी माझा दंड धरून मला पुढे केलं. "ही प्राजक्ता. तुमचीच लेक आहे. हिची आईपण तोडणीला जाते."

काय झालं असेल? त्या बायकांनी माझ्याकडे संशयाने बघितलं? छे! त्यांना आनंद झाला. इंदूबाई नावाची एक बाई तोंडातला घास तसाच ठेवून उठली. "आगं माझे बाय! कुण्या गावची तू?" मी तालुक्याचं नाव सांगितलं, तर "म्हंजी आमच्या शेजारचीच की!" म्हणून तिने मला भाऱ्यावर शेजारी बसवलं. स्वतःची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं कालवण. "शिकतीस? पुण्यापतूर आलीस? तुझ्या मायचं पांग फेडलंस म्हणायचं."

मी खाल्लं. नाही म्हणायचं धाडस नव्हतं. ठेचा तिखटजाळ होता, त्यामुळे निदान डोळ्यातल्या पाण्याला कारण मिळालं.

"माय यंदा कुठं हाय गं?" इंदूबाईने विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. ज्या बाईवर मी कविता लिहिली ती आज कुठे आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. मागून सारिकाचा आवाज आला, अगदी साधा, "सांगलीकडं आहे. मामाच्या जोडीला."

"आन् ही कोण?"

"मी हिची मैत्रीण," सारिका म्हणाली.

इंदूबाईने मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. मी केस मोकळे सोडले होते, पुण्याला जायचं म्हणून खास धुतलेले. तिच्या तळव्यात ते अडकले. खरोखर अडकले, ताण बसला. "थांब गं, हालू नको," म्हणत तिने दुसऱ्या हाताने एकेक केस सोडवला आणि हसली, "लई मऊ ठिवलेत मायनं." शप्पथ सांगते, तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या ओळीवर टाळ्या घेतल्या ती ओळ ती बाई माझ्या डोक्यावर जगत होती, आणि जिच्या डोक्यावर तो हात पडायला हवा होता ती माझ्यामागे उभी होती. ताईंनी कविता वाचायला सांगितली. मी गळा बसला म्हणाले. तर इंदूबाईने घशाला बरं म्हणून उसाचं कांडं सोलून दिलं. आता यावर काय बोलावं?

संध्याकाळी आत्याच्या गच्चीवर मी सारिकापुढे रडले. "उद्या मी सगळ्यांसमोर सांगून टाकते. ही आई माझी नाही म्हणून."

"काही सांगू नको," ती म्हणाली.

"मला सहन होत नाहीये गं."

"तुला ना? मग कर सहन." पहिल्यांदा ती चिडली. "हे बघ प्राजू, उद्या शेवटचा दिवस. माझी कविता वाचून होऊ दे, घरी जाऊ. मला इथे कुणी ओळखत नाही, किती बरं वाटतंय माहितीये? मी नुसती एक मुलगी आहे, तिला एक मुलगा आवडतो. बास. सांगू नको. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. आणि खरंच कळलं होतं. म्हणूनच पुढचं मला माफ होण्यासारखं नाही.

शेवटच्या दिवशी समारोपाला माझी कविता पुन्हा वाचायची असं ठरलं, आणि माझ्यानंतर सारिकाचा नंबर. आदल्या दोन दिवसांपेक्षा गर्दी जास्त होती, बरेच जण मोबाइल वर धरून उभे होते. मी कागद उघडला. माझ्या डोक्यात फक्त इंदूबाईचा हात. मला त्यातून सुटायचं होतं हो, बाकी काही नाही. मी कागदाची घडी केली आणि माइकवर म्हणाले, "ही आई माझी नाही. मी तुमच्याशी खोटं वागले. माझे वडील नोकरदार आहेत. ही आई माझ्या मैत्रिणीची आहे. सारिकाची." आणि मी तिच्याकडे बघितलं. मी बघितलं म्हणून सगळ्या सभागृहाने बघितलं. मोबाइलसुद्धा तिकडे वळले.

आणि मग टाळ्या! पहिल्या दिवसापेक्षा जोरात. मागून कुणीतरी ओरडलं, "मानलं तुला!" मधुराताईंनी मला पुन्हा मिठी मारली आणि म्हणाल्या, "याला प्रामाणिकपणा म्हणतात." चोरी केली तेव्हाही टाळ्या मला आणि कबूल केली तेव्हाही मलाच. आणि वर मी काय केलं होतं? तिने जे बजावलं होतं, तेच मोडलं होतं. माझं ओझं उतरलं खरं, पण ते मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"सारिका, ये," ताई म्हणाल्या. आवाज भरून आला होता त्यांचा. "आज तू स्वतः तुझ्या आईबद्दल बोल."

सारिका वर आली. माझ्याकडे बघितलं नाही. "मी आईवर लिहीत नाही."

"का गं?"

"आई माझी आहे," ती म्हणाली. "ती काय विषय आहे का?"

आणि तिने तिची कविता वाचली.

*रोज तुझ्या सायकलची चेन निघते,*
*रोज माझ्याच गल्लीच्या तोंडाशी.*
*एकदा तरी पुढच्या गल्लीत निघू दे,*
*म्हणजे मला कळेल*
*ती खरंच निघते की काय.*

तिने ती बसमध्ये मला म्हणून दाखवली होती तेव्हा आम्ही दोघी खो खो हसलो होतो. इथे कुणी हसलं नाही. सगळे गंभीर चेहऱ्याने त्या सायकलमध्ये ऊस शोधत होते. पुण्यातल्या एका मुलाने हात वर केला, अगदी चांगल्या मनाने. "सॉरी, पण तुझ्याकडे एवढं पॉवरफुल मटेरियल असताना लव्ह पोएम का?"

"कारण मुलगा चांगला आहे," सारिका म्हणाली आणि खाली उतरली.

ताईंनी बाकी सगळ्यांना विचारला तो प्रश्न तिला विचारलाच नाही, ही कविता कुठून आली म्हणून. ती कुठून आली हे आता सगळ्यांना माहीत झालंय असं त्यांना वाटलं असणार.

आत्याने वाटेसाठी थालीपीठं बांधून दिली. काकांनी विचारलं, "झाला का न्याय?" मी खाली बघून चपला घालायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कधी नव्हे ते पुढे काही न बोलता आमच्या पिशव्या रिक्षात नेऊन ठेवल्या.

परतीच्या गाडीत खिडकी सारिकाला दिली. वाघोली येईपर्यंत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला होता, खाली सगळ्यांचे हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, लाल बदाम. "प्राउड ऑफ यू सारिका" असं ज्या मुलीने लिहिलं होतं ती तीन वर्षांत सारिकाशी एकदाही बोललेली नाही.

"सॉरी," मी म्हणाले. किती पोचट शब्द आहे हा.

"कुणी वाईट बोलणार नाही, मला माहितीये," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "सगळे चांगलंच वागतील. मेसमध्ये जागा देतील. सर मला आईवर लिही म्हणतील. आता मी काहीही लिहिलं तरी लोक आधी आईचे हात बघतील. तू वाईट केलं असतंस ना प्राजू, तर भांडता आलं असतं." मग ओढणी डोक्यावरून घेतली आणि झोपली. किंवा झोपल्यासारखं केलं, पण थोड्या वेळाने तिची मान खरंच माझ्या खांद्यावर आली. मी खांदा हलवला नाही.

पुणं कसं आहे, असं घरी सगळे विचारणार होते. काय सांगायचं? पुणं चांगलं आहे. माणसं चांगली आहेत, ऐकून घेतात, जवळ घेतात. मी तिथे न्यायावर कविता वाचायला गेले आणि माझ्या सगळ्यात जवळच्या माणसावर अन्याय करून आले, तोही दोनदा, आणि दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्याला रडू येतं म्हणजे ते आपलं झालं असं मला वाटायचं. ते खोटं आहे.

नगर सोडून गाडी निघाली तेव्हा सारिकाचा फोन वाजला. तो चार्जिंगसाठी माझ्याकडे होता. 'आई'. मी वाजू दिला. पुन्हा वाजला. सारिका गाढ झोपली होती, आणि तिकडे एक बाई काम आटोपून रेंज शोधून उभी असणार. मी उचलला.

"काकू, मी प्राजक्ता. ती झोपलीय."

"आगं प्राजू व्हय!" मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "झोपू दे. दमली आसंल. झालं का समदं नीट? वाचली का कविता तिनं?"

"वाचली. छान वाचली."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," त्या हसल्या. मग त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "माझ्याविषयी काय बोलली का गं तिथं?"

मी सारिकाकडे बघितलं. या वेळी खोटं बोलायचं नव्हतं, आणि जास्तीचं खरंही नाही.

"म्हणाली, आई माझी आहे."

"आगं बया!" त्या खळखळून हसल्या. "मंग? आनखी कुणाची आसती काय?"

"नाही, काकू," मी म्हणाले. "आणखी कुणाची नाही."